मासळी उठवलेल्या गल्लीत चार दिवस

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगते. मी मीरा-भाईंदरला गेले ती दीर-जावेला भेटायला नव्हे. दुकानांसमोर बसणाऱ्या बायकांना उठवायचं कसं, हे शिकायला गेले.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याचं ठिकाण. नाव मुद्दामच सांगत नाही. सभा अजून व्हायची आहे, आणि आमच्याकडे वाचणारे कमी असले तरी वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आहे आणि दोन वर्षांपासून मी व्यापारी मंडळाची सेक्रेटरी आहे. दर बुधवारी आठवड्याचा बाजार भरतो. आसपासच्या वाड्यांवरून बायका भाजी, फुलं, सुकट घेऊन येतात आणि दुकानांच्या पायऱ्यांना टेकून बसतात. माझ्या पायरीशीही एक बसते, पालेभाजीवाली. त्यांच्या पाट्या ओलांडून गिऱ्हाइकाने आत कसं यायचं, हे आमच्या प्रत्येक सभेतलं ठरलेलं रडगाणं. शेवटी मीच कंबर कसली आणि ठराव लिहिला: या सगळ्या बायकांना एसटी स्टँडमागच्या मैदानात हलवावं. मैदानात चिटपाखरू फिरकत नाही, हे मला माहीत होतं. पण ते ठरावात लिहायचं कारण नव्हतं.

त्याच सुमारास मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो आला. भाईंदर पूर्वेची एक गल्ली. दोन्हीकडे दुकानं, मधे लखलखीत रस्ता, कडेने पांढरा पट्टा. खाली लिहिलं होतं की इथल्या दुकानदार संघटनेने मासळीवाल्यांना समजावून हलवलं आणि गल्ली आदर्श केली. आमचे अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, तुमचे दीर तिकडेच ना? बघून या, म्हणजे सभेत तोंड उघडता येईल." मी निघाले. फोटोतल्या गल्लीत एकही गिऱ्हाईक नाही, हे काही तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

सिल्व्हर पार्क, सोमवार

धाकटे दीर मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहतात. गिरगावातली जागा सोडून इथे आले त्याला बरीच वर्षं झाली. सकाळी बसने काशीमिऱ्याला सोडलं, तिथून रिक्षा, आणि अर्ध्या तासात मी सातव्या मजल्यावर स्मिताच्या हातचं थालीपीठ खात होते. स्मिता म्हणजे माझी धाकटी जाऊ, शाळेच्या ऑफिसात काम करते. त्या दिवशी माझ्यासाठी तिने रजा काढली होती.

पहिलं थालीपीठ संपेपर्यंत दारावरची बेल तीनदा वाजली. एकदा दूध, एकदा कोथिंबीर आणि एकदा शेजारच्यांचं चुकून आलेलं पार्सल. तिन्ही वेळा स्मिता हिंदीत बोलली. कोथिंबीरवाल्याचं आडनाव जाधव होतं, मोबाइलवर दिसत होतं. मी म्हटलं, "अगं, मराठीच असणार तो."

"असेल की," ती म्हणाली, "पण सुरुवात हिंदीतच होते ओ वहिनी. मग दहा मिनिटांनी कळतं, दोघंही साताऱ्याचे."

आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी 'कोणाकडचा' असं विचारतात, मग पाणी, मग काम. इथे काम आधी आणि बाकीचं कधीच नाही. मला ते जरा कोरडं वाटलं, पण दुपारपर्यंत मीही लिफ्टमध्ये 'कौनसा माला' म्हणायला शिकले.

बोलता बोलता मी मासळीची चौकशी केली. कोकणी माणसाला दुसरं काय सुचणार?

"पूर्वी दर रविवारी भाईंदर ईस्टला जायचे," स्मिता म्हणाली. "स्टेशनजवळ एक गल्ली आहे. तिथे धर्मीबाई बसायची. पापलेट निवडून द्यायची आणि वर सांगायची, बोंबील नको घेऊस आज, कालचे आहेत. तिच्याकडे पिशवी ठेवून मी पुढची खरेदी करायचे. ब्लाउजपीस, पिना, कोणाचं बारसं असेल तर झबलं. आता मोबाइलवरच मागवते. साफ करून येतं. चव बर्फाची असते, पण चालतं."

"आणि ब्लाउजपीस?"

"तेही मोबाइलवर. तेवढ्यासाठी कोण जातंय तिकडे?"

मी मान हलवली आणि दुसरं थालीपीठ घेतलं. ज्यासाठी आले होते त्याचं उत्तर पहिल्याच सकाळी जावेने ताटात वाढलं होतं. पण घरच्या माणसाने सांगितलेलं आपल्याला कधी पटलंय?

भाईंदर पूर्व, मंगळवार

जयेशभाई संघटनेचे अध्यक्ष. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं साड्यांचं दुकान. साठीचे, ठेंगणे, कपाळावर केशरी टिळा. गुजराती घरातले, पण जन्म भाईंदरचा, त्यामुळे मराठी अस्खलित आणि हेल त्यांचा स्वतःचा.

"या ताई, या. फोटोतली गल्ली हीच," ते म्हणाले आणि हात असा फिरवला की जणू वाडवडिलांची शेती दाखवताहेत.

गल्ली खरोखर स्वच्छ होती. फिनेल आणि उदबत्तीचा वास. पांढरा पट्टा, पट्ट्याच्या आत दुकानांचे स्टँड, बाहेर मोकळा रस्ता. मी वहीत टिपणं घेतली, पावलांनी रुंदी मोजली, फोटो काढले. सकाळचे अकरा वाजले होते. आमच्याकडे या वेळी दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि इथे गादीवर बसलेली माणसं मोबाइल बघत होती. मी मनात म्हटलं, शहरात उशिरा उठत असतील.

मी भांड्यांच्या धंद्यातली म्हटल्यावर जयेशभाईंनी आग्रहाने जवळच्या एका स्टीलच्या गाळ्यात नेलं. आत पॉलिशची चाकं फिरत होती आणि काम करणाऱ्यांचे चेहरे काळेमिट्ट. त्या काळ्या हातांतून डबे मात्र आरशासारखे बाहेर पडत होते. मी जवळ जाऊन एक डबा उचलला, तर काय! तळाशी तोच छाप, जो मी गावात 'खास नाशिकचा माल' म्हणून विकते. माझा घाऊक व्यापारी मला गेली कित्येक वर्षं शेंड्या लावत होता आणि मी तीच शेंडी पुढे गिऱ्हाइकाला लावत होते. हसू आवरत मागे सरले, तर पदर चाकाशेजारच्या काजळीत. नवी कोरी इरकल, काठापासून वीतभर काळी. जयेशभाईंनी दुकानात आल्यावर काय काय लावून पाहिलं, डाग हटला नाही. शेवटी म्हणाले, "ताई, दुसरी साडी घ्या, हे मी दुकानदार म्हणून नाही बोलत." मी म्हटलं, "मग कोण म्हणून बोलताय?" त्यावर दोघंही हसलो आणि चहा आला.

चहाबरोबर मी माझा मुख्य प्रश्न विचारला. बायका उठल्यावर धंदा किती वाढला?

जयेशभाईंनी कप खाली ठेवला. "खरं बोलू?"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मासळीवाल्या पाचसहा होत्या, सगळ्यांत जुनी धर्मीबाई. संघटनेतले निम्मे दुकानदार शाकाहारी, वासाची तक्रार कायमची. शेवटी मीटिंग झाली, ठराव झाला, बायकांना लांबच्या मंडईत ओटे मिळवून दिले. कोणी भांडलं नाही. पहिले दोन महिने सगळे खूष. मग सकाळचं गिऱ्हाईक आटलं. सगळ्यांनी ऑनलाइनला शिव्या घातल्या.

"आमच्या इथे काय आहे ना ताई, गावठाणात लग्न असलं की हळदीला अख्ख्या भावकीच्या बायका एकाच रंगाची साडी नेसतात. ती ऑर्डर म्हणजे आमची दिवाळी. गोडदेव, राई, मुर्धा, सगळीकडची माझ्याकडे यायची. ती पण बंद. मला वाटलं लग्नंच कमी झाली. मग एक दिवस गोडदेवला रस्त्यात लग्नघरातून देवाला निघालेल्या बायका बघितल्या. सगळ्या मोरपंखी रंगात. माझ्याकडे मोरपंखीच्या थप्प्या पडून, आणि त्यांच्या अंगावर माझी एक पण नाही. कापड लांबून ओळखतो मी. त्यात एक जुनी गिऱ्हाईक होती. विचारलं, काय चुकलं आमचं? ती एवढंच बोलली, धर्मी उठली, मंग आमी पन उठलो."

कोणाच्या घरी लग्न ठरलंय, कोणाची मुलगी बाळंतपणाला आलीय, हे धर्मीबाईला मासे तोलता तोलता कळायचं. 'साडी जयेशकडं बघ, पिवली बांगडी पलीकडं' असं ती सांगायची आणि बायका त्या दुकानात जायच्या. ती बसायची म्हणून गल्लीत गिऱ्हाईक होतं. दुकानदारांना वाटत होतं, गिऱ्हाईक आपल्या बोर्डाकडे बघून येतं.

मला राग आला. "मग तो फोटो अजून का फिरतोय? आम्ही तो बघून ठराव करतोय तिकडे!"

"फोटोला परत कोण बोलावणार, ताई?" ते म्हणाले. माझ्या पर्समध्ये ठरावाची घडी होती. त्या क्षणापर्यंत मी ती त्यांना अभिमानाने दाखवणार होते.

गोडदेव, बुधवार

धर्मीबाईंना परत बोलवायला जयेशभाई दुसऱ्या दिवशी जाणारच होते. मला म्हणाले, "चला तुम्ही पण. सोबत लेडीज असल्या की बरं पडतं." खरं कारण वेगळं होतं. ते घाबरले होते.

गोडदेव शोधायचं म्हणजे इमारतींच्या मागे शोधायचं. चार मजली, सात मजली भिंतींच्या मधून एक बोळ गेला आणि एकदम बैठं घर समोर आलं, दारात तुळस, ओट्यावर सुकत घातलेले तांदूळ. धर्मीबाई ओट्यावरच बसल्या होत्या. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोली, आणि नजर अशी की माणूस आपोआप चपला नीट ठेवतो. जयेशभाई त्यांना मावशी म्हणत होते. लहानपणापासूनचीच ती हाक.

"आज शेट कसा आला घरी?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "बस गो बाय. कोनाकडची तू?"

कोणाकडची हे इथे विचारलं गेलं आणि मला दोन दिवसांनी घरी आल्यासारखं वाटलं. पाणी आलं, मागोमाग जेवण. वालाचं बिरडं आणि तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. जयेशभाई शाकाहारी, त्यांचा हात ताटावर अडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "खा. त्या टोपाला म्हावऱ्याचा वास बी न्हाय लागलेला. तुझ्यासाटी येगला ठेवलाय, तुझा बापूस येवाचा तवापासून." आमच्याकडच्या बिरड्यात गूळ जास्त असतो. इथलं तिखट होतं आणि मी दोनदा घेतलं.

जेवण झाल्यावर जयेशभाईंनी विषय काढला. "मावशी, परत या. सकाळी सात ते अकरा बसा आधीसारख्या. कोणी काही बोलणार नाही."

"उठवलंत तवा बी कोनी काय बोललं न्हाय, जयेश. कोनी तरी बोलावं असं मना वाटत व्हतं."

त्या सावकाश, न रागावता बोलत राहिल्या. "माजी सासू बसायची तिकडं. तुज्या बापानं दुकान टाकलं तवा आमी पाटी बाजूला सरकवली, गिऱ्हाईक आत जावा म्हनून. त्याची पयली भवानी माज्या सासूनं केली, लुगडं घेऊन. तिला लुगडं नको व्हतं. दुकान नवा व्हता, म्हनून घेतलं. आनि तुमी मीटिंग केली. माज्यावरच केली ना? मंग मना बोलावलं का?"

"चूक झाली, मावशी."

"चूक झाली तर झाली. आता मना मेंबर कर. मंग बसते."

जयेशभाई चपापले. "मेंबर व्हायला गाळा लागतो. घटनेत आहे तसं."

"घटना कोनी लिवली?"

"आम्हीच."

"मंग पुन्ना लिवा."

मला हसू फुटलं, पण त्या हसत नव्हत्या. त्यांना जागेचं दान नको होतं. पुन्हा कधी उठवायची वेळ आली तर त्या सभेत आपली खुर्ची हवी होती. त्याच वेळी आमच्या गावात बाजार भरला असेल, माझ्या पायरीशी पालेभाजीच्या जुड्या लागल्या असतील, हे मला आठवलं.

भाईंदर पूर्व, गुरुवार

जयेशभाईंनी तातडीने बोलावलेली सभा दुपारी, एका दुकानाच्या पोटमाळ्यावर. दुकानदार दाटीवाटीने बसले होते. धर्मीबाई दाराजवळ, खुर्चीच्या अगदी कडेवर. जयेशभाईंनी प्रस्ताव मांडला: सभासद होण्यासाठी गाळा असायलाच हवा ही अट काढून 'गल्लीत धंदा करणारा' असं करावं.

कदम उभे राहिले. त्यांचं इमिटेशन दागिन्यांचं दुकान, मूळचे लालबागचे. "मावशींबद्दल मला आदर आहे," ते म्हणाले, "पण आज मावशी, उद्या मोबाइलचे कव्हर विकणारा, परवा मोमोवाला. त्यांना भाडं नाही, शटर नाही, लायसन्स नाही, आणि मत मात्र माझ्याएवढंच? मी इथे कर्ज काढून गाळा घेतलाय राव."

बोलणं चुकीचं नव्हतं. चुकीचं असतं तर मला सोपं गेलं असतं. भाडं, शटर, लायसन्स, हे तीन शब्द याच क्रमाने माझ्या ठरावात आहेत. कोणीतरी माझंच पत्र मोठ्याने वाचतंय असं वाटलं आणि मी नजर खाली घातली.

नेमकं तेव्हाच जयेशभाईंनी सांगितलं, "आपल्याकडे कोकणातून पाहुण्या आल्यात, व्यापारी मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांचा अनुभव ऐकू या."

दोन गुळगुळीत वाक्यं बोलून बसता आलं असतं. पण आदल्या दिवशी ज्या बाईचं अन्न खाल्लं ती समोर होती. मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. तुमचा फोटो बघून आम्हीही बायकांना उठवायचं ठरवतोय, ठराव मीच लिहिलाय, आणि कदमांनी आत्ता मांडले तेच मुद्दे मी त्यात घातलेत.

धर्मीबाईंनी दाराजवळूनच विचारलं, "तुज्या दारात कोन बसतं?"

"एक पालेभाजीवाली."

"किती वर्सं?"

"पंधरा तरी झाली."

"नाव काय तिचं?"

लग्नामुंजीच्या भांड्यांवर नावं घालून देणं हा माझा धंदा. निम्म्या तालुक्याच्या तांब्यांवर आणि डब्यांवर कोणी कोणाला कोणत्या दिवशी काय दिलं ते माझ्या दुकानात कोरलं गेलंय. तालुक्यातल्या नवऱ्यांची, सासवांची, आत्यांची नावं मला पाठ. आणि जिच्याकडून पंधरा वर्षं अळू घेतलं तिला मी 'ए बाय' म्हणते.

"माहीत नाही," मी म्हटलं. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

धर्मीबाईंनी मान हलवली, ओळखीचं काही ऐकल्यासारखी. कदमही खाली बसले.

आता सगळे विरघळले आणि प्रस्ताव एकमताने पास झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं, की घटना बदलायची तर वार्षिक सभेतच बदलता येईल. तोवर मावशींनी सकाळी बसावं. धर्मीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आदी मेंबर, मंग म्हावरं." जिना उतरून त्या निघून गेल्या. जयेशभाई खिडकीतून बघत राहिले. कदम म्हणाले, "म्हातारी ऐकणार नाही." पण त्या आवाजात आता विरोध कमी आणि काळजी जास्त होती.

घरी, बुधवार

परत आले. सभा येत्या शनिवारी आहे. ठराव माझा, तेव्हा मागे घ्यायचा तर मलाच उभं राहावं लागणार. अध्यक्षांना कल्पना दिली, तर ते म्हणाले, "वहिनी, तुम्हाला पाठवलं कशाला आणि तुम्ही आणलंत काय!" पुढे ते माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. इतर सभासद काय करतील सांगता येत नाही. कदमांसारखे आमच्याकडेही आहेत, आणि त्यांनीही कर्जं काढलेली आहेत.

बुधवारी दुकान उघडलं तेव्हा ती पायरीशी येऊन बसली होती. अळू, लाल माठ, दोन पडवळं. मी गल्ल्यावरून उठले, बाहेर आले आणि विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

तिचा हात जुडीवरच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. ठरावाची बातमी माझ्या कितीतरी आधी वाड्यांवर पोचली होती. ती घाईघाईने जुड्या परत पाटीत भरायला लागली.

"नाव नको लिवू वहिनी. उठते मी. आत्ता उठते."

"अहो, तसं नाही," असं मी म्हणत होते आणि ती भरतच होती. दोन जुड्या सुटून रस्त्यावर पसरल्या.

मी वही आत टाकली, पायऱ्या उतरून खाली तिच्यासमोर बसले आणि तिच्या हातातली माठाची जुडी घेऊन पुन्हा फडक्यावर मांडली. मग अळू. कशाशेजारी काय लावतात ते मला येत नव्हतं. ती बघत राहिली.

"मी सुनंदा," मी म्हटलं. पंधरा वर्षांत तेही तिला कोणी सांगितलं नव्हतं.